सामूहिक भाजीमळ्यांचा हिशोब नुसता टनात मांडून कसं चालेल?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सामूहिक भाजीमळ्यांवरचा आपला लेख वाचला आणि मनापासून आवडला, गावातल्या बायका एकत्र येऊन भाजी पिकवतात, बाजारात नेऊन विकतात, चार पैसे हातात येतात, हे पेपरात आलंच पाहिजे. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकत राहिली म्हणून लिहायला बसले. लेखात जमीन किती, बायका किती, माल किती टन निघाला, विक्री कितीची झाली हे सगळं होतं. त्या विक्रीतून घरात नक्की काय बदललं, कोणाच्या घरात बदललं, आणि मळे उभे करून देणारे प्रोजेक्टवाले निघून गेल्यावर त्यातलं काय उरलं, याबद्दल मात्र एक ओळसुद्धा नव्हती. दोष एकट्या तुमच्या बातमीदाराचा नाही, प्रोजेक्टचे छापील रिपोर्ट पण बहुतेक असेच असतात आणि बातमी त्यांच्यावरूनच होते. मी बरीच वर्षं ग्रामीण सर्व्हेचं काम केलंय, लोकांच्या ओट्यावर बसून फॉर्म भरलेत, त्यामुळे तो टनाचा आकडा कुठून येतो आणि त्यात काय काय येत नाही हे जवळून माहितीय.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीचा एक तुकडा, त्याला एकच कुंपण, विहीर किंवा पंप सगळ्यांचा मिळून, आणि आत प्रत्येकीचे आपापले वाफे. काही वाफे ग्रुपचे, त्यातला पैसा डिझेल, दुरुस्ती, बियाणं अशा खर्चाला. परसबागेत घरापुरती भाजी लावतात, इथे माल बाजारासाठीच लावतात आणि त्यातलं थोडं घरी नेतात. म्हणजे हा धंदा आहे, आणि धंद्याला नफा-तोटा, उधारी, भाव पडणं, भांडणं हे सगळं आलंच.

या विषयात मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला अभ्यास आफ्रिकेतल्या बेनिन देशाचा आहे. उत्तर बेनिनमध्ये कलाले नावाचा जिल्हा आहे, पावसाळा संपला की सहा महिने कोरडे. तिथे 2007 मध्ये दोन गावांत मिळून सोलर पंप आणि ठिबकचे तीन मळे उभे केले, प्रत्येक मळा अर्ध्या हेक्टरचा, त्यात 30 ते 35 बायका, प्रत्येकीला 120 चौरस मीटरचा स्वतःचा तुकडा आणि उरलेली जागा ग्रुपची. जेनिफर बर्नी आणि तिच्या सहकाऱ्यांनी याचे निकाल 2010 मध्ये एका मोठ्या विज्ञानपत्रिकेत छापले. मळा सुरू व्हायच्या आधीच त्यांनी घरोघरी जाऊन माहिती घेतली होती, वर्षभराने परत घेतली, आणि शेजारची अशी दोन गावंही धरली जिथे बायकांचे भाजीचे ग्रुप होते पण पाणी हातानेच घालावं लागायचं. म्हणजे फरक पावसामुळे पडला, बाजारात तेजी होती म्हणून पडला की मळ्यामुळे पडला, हे थोडंफार तरी वेगळं काढता आलं. आपल्याकडच्या वाचकाला हे किचकट वाटेल पण हीच खरी मेख आहे, कारण ज्या वर्षी पाऊस चांगला झाला त्या वर्षी सगळ्यांचंच बरं चालतं, मळा असलेल्यांचं पण आणि नसलेल्यांचं पण, आणि रिपोर्टमध्ये ते सगळं यश मळ्याच्या नावावर जमा होतं.

तिथे काय सापडलं तर एकेका मळ्यातून महिन्याला सरासरी 1.9 टन माल निघाला, त्यातला वजनाने साधारण 18 टक्के घरी खाल्ला आणि बाकी विकला. आपल्या पेपरातला लेख असता तर इथेच संपला असता. पण त्यांनी पुढे जाऊन विचारलं की त्या पैशाचं केलंत काय, आणि उत्तर असं निघालं की कोरड्या हंगामात, म्हणजे जेव्हा घरातलं धान्य संपत आलेलं असतं तेव्हा, या बायकांनी धान्य, डाळी आणि मांस-मासळीसारखं सकस अन्न जास्त विकत घेतलं. मला या एका निष्कर्षाचं फार महत्त्व वाटतं. पैसा वर्षाला किती आला यापेक्षा तो कधी आला हे गावात जास्त मोलाचं असतं हो. सुगीनंतर हातात आलेले शंभर आणि कणगी रिकामी असताना आलेले शंभर एक नाहीत, दुसऱ्या शंभरामुळे व्याजाने पैसे काढणं टळतं, शेळी पडत्या भावात विकणं टळतं, पोराला मजुरीला पाठवणं टळतं. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही, तिथे दोन्ही शंभर सारखेच.

आता मेहनतीचं बघा, यावर तर कोणी बोलतच नाही. कोरड्या उन्हाळी हवेत भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला पाचेक लिटर पाणी सहज लागतं. 120 चौरस मीटरचा तुकडा धरला तर रोजचे 600 लिटर. पंप नसेल आणि पंधरा लिटरची बादली असेल तर चाळीस खेपा, रोज, भाजी निघेपर्यंत. यात खुरपणी नाही, तोडणी नाही, जुड्या बांधणं नाही, बाजारात जाऊन बसणं नाही, आणि घरचा स्वयंपाक, पोरंबाळं, सरपण, प्यायचं पाणी हे तर नाहीच नाही. मग ती बाई म्हणते की मला मळ्यातून एवढे मिळाले तेव्हा आपण ते पूर्ण उत्पन्न म्हणून लिहितो, तिच्या तासांची किंमत शून्य धरून. त्याच वेळात ती दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेली असती तर काय मिळालं असतं ते कोणी वजा करत नाही. मला वाटतं पंप असलेला मळा आणि बादलीचा मळा या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत, आणि दोघांना एकाच नावाखाली एकाच तक्त्यात टाकणं हे त्या बायकांवर अन्याय करणारं आहे.

हे मोजता येत नाही असंही नाही. 2012 मध्ये शेतीतल्या स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा एक निर्देशांक आला, त्यात उत्पादनाचे निर्णय, साधनं, उत्पन्नावरचा ताबा, पुढारपण आणि वेळ अशा पाच गोष्टी बघतात. वेळेसाठी बाईला कालचा पूर्ण दिवस विचारतात, किती वाजता उठली, मग काय केलं, मग काय केलं, आणि काम साडेदहा तासांच्या वर गेलं तर ती कामाखाली दबलेली धरतात. म्हणजे पद्धत तयार आहे, वापरायची इच्छा पाहिजे. मी असे वेळेचे प्रश्न विचारलेत, आणि बायका एरवी उत्पन्नाच्या प्रश्नाला कंटाळतात पण हा प्रश्न आला की बोलायला लागतात, कारण तोपर्यंत त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं.

उत्पन्नाच्या प्रश्नाचं तर काय सांगू. फॉर्मवर असतं, "गेल्या महिन्यात मळ्यातून एकूण किती उत्पन्न मिळालं?" समोरची बाई गप्प. ती रोज दोन-चार जुड्या, पाटीभर वांगी असं विकते, संध्याकाळी त्याच पैशाचं मीठ-तेल येतं, उरलेले पदरच्या गाठीला, आणि दोन दिवसांनी ते पण खर्च. महिन्याचा एकूण आकडा तिच्या डोक्यात नाही कारण तिला त्याची कधी गरजच पडली नाही. मग शेजारी बसलेला नवरा एक आकडा सांगतो, नाहीतर ग्रुपची अध्यक्ष सांगते, नाहीतर सर्व्हेवाला घाईत असेल तर स्वतःच अंदाजाने टाकतो, आणि तोच आकडा पुढे सरासरीत जाऊन दशांश चिन्हासकट छापून येतो. त्यापेक्षा उलट्या बाजूने विचारलं तर माहिती फार चांगली मिळते. या महिन्यात शाळेचे पैसे कुठून भरले? दुकानाची उधारी किती होती आणि आता किती आहे? आजारपण आलं तेव्हा पैसे कोणाकडून आणले? याची उत्तरं तिला पक्की पाठ असतात. आणि हे तिला एकटीला विचारायला पाहिजे, नवऱ्यासमोर नाही, अध्यक्षासमोर तर अजिबात नाही.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर गांबियाचं सांगायलाच हवं, कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा धडा तिथे आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा एवढासा देश. सत्तरच्या दशकात साहेल पट्ट्यात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागात, दुष्काळ पडले, पुरुषांचं नगदी पीक भुईमूग, त्याचं काही खरं राहिलं नाही, आणि गांबिया नदीच्या उत्तर काठावरच्या गावांत बायकांनी सखल जागा धरून भाजीचे मळे वाढवले. देणगीदार संस्थांनी विहिरी बांधून दिल्या, कुंपणाला पैसे दिले. रिचर्ड श्रोडर नावाच्या अमेरिकन भूगोल-अभ्यासकाने तिथल्या केरेवान भागात राहून हे सगळं बारकाईने पाहिलंय. कितीतरी घरांत बाईची कमाई नवऱ्याच्या भुईमुगाच्या वर गेली. मग घरात काय झालं, तर कपडेलत्ते, सणवार, अन्नधान्य असे आधी पुरुषाकडे असलेले खर्च एकेक करून बाईकडे सरकले, आणि नवरे बायकांकडून उसने पण घ्यायला लागले. म्हणजे घरात पैसा आला हे खरं, पण तो एका खिशात वाढला आणि दुसऱ्या खिशातून येणं कमी झालं, त्यामुळे मळ्याची कमाई थेट घराची वाढ म्हणून मोजली तर हिशोब फुगतो. बाईचा घरातला शब्द मात्र वाढला, ते पण तितकंच खरं, आणि ते टनात कुठे दिसणार.

पण खरं दुखणं पुढे आहे. जमीन बायकांची नव्हतीच, ती गावातल्या जुन्या घराण्यांच्या पुरुषांची, बायकांना फक्त कसायला दिलेली. बायकांनी वर्षानुवर्षं पाणी घालून, खत घालून ती जमीन कसदार केली. मग ऐंशीच्या दशकात पर्यावरणाच्या नावाखाली झाडं लावायला पैसा यायला लागला, आणि जमीनमालकांनी बायकांच्याच मळ्यांत आंब्या-संत्र्याची रोपं लावली. रोपांना पाणी आपोआप मिळत होतं, बायका भाजीला घालायच्या ते. काही वर्षांत झाडं मोठी झाली, सावली पडली, खाली भाजी येईना. बायकांनी काही ठिकाणी फांद्या तोडून, भांडून विरोध केला, पण कागदोपत्री त्यांच्या हातात काहीच नव्हतं. आता विचार करा, त्याच गावात पहिल्या तीन वर्षांत जाऊन रिपोर्ट लिहिला असता तर तो मळा यशाचं उदाहरण म्हणून गाजला असता, आणि दहा-बारा वर्षांनी जाऊन लिहिला असता तर सगळी गोष्टच वेगळी. म्हणून मी म्हणते की मळ्याचं मूल्यमापन करताना पहिला कागद जमिनीचा बघा, भाजीच्या वजनाचा नंतर. कोणाच्या नावावर आहे, किती वर्षांचा करार आहे, लेखी आहे का तोंडी, आणि मालकाने काढून घेतली तर विहीर-कुंपणाचे पैसे कोणाला. या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर पुढचा सगळा डेटा हवेत.

भावाबद्दल लेखात एक वाक्य होतं की "बाजारपेठेशी जोडणी झाली". हे फार गुळगुळीत वाक्य आहे. एका ग्रुपला चांगला भाव मिळाला की शेजारचे पाच ग्रुप तेच पीक लावतात, बियाणं एकाच वेळी येतं म्हणून लागवड एकाच वेळी, म्हणून तोडणी पण एकाच आठवड्यात, आणि टोमॅटो काही थांबत नाही, दोन दिवसांत विकला नाही तर गेला. व्यापारी एकच येत असेल तर तो म्हणेल तो भाव. रिपोर्टमध्ये पीक निघालेला टन आणि हंगामाचा सरासरी भाव यांचा गुणाकार करून "उत्पन्न" लिहिलेलं मी पाहिलंय, फेकलेला माल, वाहतूक, उधारीवर गेलेला आणि कधीच वसूल न झालेला माल यातलं काही वजा न करता. जिथे ग्रुपने लागवड आठ-दहा दिवसांच्या फरकाने वाटून घेतली, थोडी टिकाऊ भाजी धरली, दोन ठिकाणी विकायची सोय ठेवली तिथे पैसा खरंच हातात राहतो, पण हे ग्रुपच्या शहाणपणावर आहे, आणि त्याची नोंद घ्यायला फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

खाण्यापिण्याचं पण थोडं. भाजी पिकली म्हणजे पोरांचं कुपोषण गेलं असं सरसकट लिहितात. जागतिक आरोग्य संघटना माणसाला दिवसाला 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते आणि गरीब घरांत त्याच्या जवळपासही जात नाहीत, त्यामुळे मळ्याने ताटात भाजी वाढते हे बरोबर. पण बुर्किना फासोमध्ये 2010 ते 2012 या काळात गावं चिठ्ठी टाकावी तशी निवडून एक पक्का अभ्यास झाला, तिथे भाजी-कोंबड्यांच्या जोडीला आयांना बाळाच्या आहाराचं आणि स्वच्छतेचं शिक्षणही दिलं होतं, तर लहान बाळांचा अतिसार कमी झाला, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं, पण खुरटलेली उंची काही भरून आली नाही. याचा अर्थ मळा वाया गेला असा अजिबात नाही. जे होतं ते सांगा, जे होत नाही ते त्याच्या माथी मारू नका, नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी उंची मोजेल आणि मळा फेल म्हणून बंद करेल.

आणि जे मळ्यात नाहीतच त्यांचं काय? ग्रुपमध्ये यायला सभासद फी लागते, रोज वेळ लागतो, अंगात ताकद लागते. म्हातारी एकटी बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस घरात असलेली बाई, हंगामात कामासाठी बाहेरगावी जाणारं कुटुंब, हे पहिल्या वर्षातच गळतात, आणि सर्व्हे होतो तो शेवटी टिकलेल्या सभासदांचा. गळालेल्यांना कोणी विचारत नाही की का सोडलंत. पाणवठ्याजवळची जागा कुंपणात गेली की आधी तिथे गुरं पाजणाऱ्यांची वाट बंद होते, त्यांचं नुकसान पण याच हिशोबात यायला पाहिजे, गावाच्या उपजीविकेबद्दल बोलायचं असेल तर ती पण गावातलीच माणसं आहेत.

मी मळ्यांच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नका. उलट मला ते इतके महत्त्वाचे वाटतात की त्यांच्याबद्दल अर्धवट लिहिलेलं बघवत नाही. स्वतःच्या हाताने विकलेल्या मालाचा पैसा स्वतःच्या हातात घेणारी बाई मी पाहिलीय, ती बैठकीत पुढे बसते, दुकानदाराशी भाव करते, मुलीची शाळा सोडवायचा विषय निघाला तर "नाही" म्हणते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनं लोक स्वतः नियम करून नीट सांभाळू शकतात हे दाखवून दिल्याबद्दल, आणि चालणाऱ्या मळ्यात अगदी तेच दिसतं. पाण्याची पाळी ठरलेली, पाळी चुकवली तर दंड ठरलेला, दंडाची वही सगळ्यांना बघता येते, पंपाचा पार्ट गेला तर ग्रुपच्या वाफ्याचा पैसा काढतात आणि आठवड्यात पाणी परत सुरू. जिथे ही वही नाही तिथे पहिला पार्ट जाईपर्यंतच मळा आहे, प्रोजेक्टचा माणूस गाडी घेऊन आला तर दुरुस्ती, नाही आला तर वाफे सुकले.

संपादक साहेब, म्हणून आपल्याला एक विनंती. लेखातल्या त्याच मळ्यांवर प्रोजेक्टचा पैसा थांबल्यावर दोन वर्षांनी आपला बातमीदार परत पाठवा, तो पण कोरड्या हंगामात. त्याला ग्रुपच्या अध्यक्षाला भेटू दे, पण ग्रुप सोडून गेलेल्या दोघी-तिघींना पण भेटू दे, आणि जमिनीचा कागद, दंडाची वही आणि दुकानाची उधारी या तीन गोष्टी बघितल्याशिवाय त्याने परत येऊ नये. जे सापडेल ते, चांगलं असो वा वाईट, या वेळी दिली होती तेवढीच जागा देऊन छापा. यातल्या कोणत्या गोष्टी कशा विचाराव्यात याचा कच्चा फॉर्म मी करून ठेवलाय, हवा असेल तर आपल्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक